यीस्ट आणि पैठणी

बिअरसाठी यीस्ट निवडताना मी जितका विचार केला, तितका नवरा निवडतानाही केला नव्हता. (नितीनने हे वाचलंय. पटतं म्हणाला.)

लीड्समध्ये आमच्या शेजारी ग्रॅहम राहतात. शेडमध्ये घरीच बिअर करतात. ती प्यायल्यावर मलाही करून बघायची हुक्की आली. बाकी सगळं जमलं, अडलं यीस्टपाशी. ग्रॅहम म्हणाले, साधं इंग्लिश 'एल' बिअरचं यीस्ट घे, कधी दगा देत नाही. पण दुकानात एक बेल्जियन पाकीट दिसलं. त्यावर लिहिलं होतं, बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं न घालता केळ्याचा वास? मला राहवेना.

त्या यीस्टला ऊब लागते, आणि जानेवारीत आमच्या घरात उबदार जागा एकच, बॉयलरचं कपाट. बिअरची बादली झाकण लावून तिथे ठेवली. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी बादली पाहून हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, प्रयोग आहे. सून हॉस्पिटलातली डॉक्टर, त्यामुळे त्यांनी आदराने मान डोलावली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेसायची त्यांची पैठणी दमट लागत होती, ती त्यांनी त्याच कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना धाडकन आवाज झाला. झाकणावरची हवा सोडायची नळी फेसाने तुंबली होती. झाकण उडालं होतं, आणि पैठणीच्या मोरांवरून फेस ओघळत होता. वास मात्र अगदी केळ्याचा. लवंगसुद्धा होती.

"पाकिटावर लिहिलंय तस्साच येतोय," मी म्हणाले. नितीनने डोळे वटारले.

सासूबाईंनी पैठणीचा पदर नाकाशी नेला. "यात दारू आहे?"

"होणार होती, आई."

पैठणी ड्रायक्लीनरकडे गेली आणि सासूबाई माझी साडी नेसून हळदीकुंकवाला. घरात दोन दिवस फक्त भांडी बोलत होती. ग्रॅहमना कळलं तेव्हा त्यांनी सांत्वनाला एल यीस्टचं पाकीट आणून दिलं. मी धसक्याने ते फ्रीजमध्ये मागे सारलं.

उरलेली बिअर बाटल्यांत मुरली, तेव्हा ग्रॅहमना चवीला बोलावलं. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि "इंटरेस्टिंग" म्हणाले. मग सासूबाईंनी केलेले पाव पुढे आले. तिसरा पाव तोडत त्यांनी कौतुकाने विचारलं, यात यीस्ट कोणतं? सासूबाईंनी फ्रीज उघडून ग्रॅहमनी दिलेलंच पाकीट दाखवलं.

आता शनिवारी ग्रॅहम स्वतःची बिअर घेऊन सासूबाईंचे पाव खायला येतात. मलाही बोलावतात. ग्लास विसळायला.