कॉफीच्या वासाचा माणूस

माझा मामा जन्मभर कॉफी भाजून-दळून विकणाऱ्या दुकानात कामाला होता आणि पीत होता चहा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! काळी कॉफी कडक असते हा गिऱ्हाइकांचा गैरसमज आहे, जास्त भाजलं की बी काळी पडते, तरतरी काही वाढत नाही. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हेच, ती भाजलेली मुळी, रंगासाठी घालतात, असं तो येईल त्याला ऐकवायचा. दळायच्या मशीनच्या घरघरीने कान गेलेले, त्यामुळे ऐकवायचा तेही ओरडून. दुकानात त्याला सगळे भुंगा म्हणत.

मामी मात्र पक्की कॉफीबाज. मामा दारात आला की शर्टाच्या वासावरून सांगायची, "आज बिया करपवल्यात. कुणाशी भांडलात?" आणि तो खरंच भांडून आलेला असायचा.

मग मामीचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायला विसरली, मग शेजारी, मग पोटची मुलगी. त्यातच छातीत धडधड व्हायला लागली म्हणून डॉक्टरांनी कॉफी बंद केली. घरातला डबा गेला, कारण डबा उघडला की ती कप मागायची आणि नाही म्हटलं की लहान पोरीसारखी रडायची. पण मामाच्या शर्टाच्या वासाने तिला कॉफी नाही, नवरा आठवायचा. संध्याकाळी तो आला की खांद्यापाशी नाक नेऊन म्हणायची, "आलात? हातपाय धुवा." दिवसभरात तिला कळलेला तेवढा एकच माणूस. मामा त्या तीन शब्दांवर जगत होता.

आणि दुकान बंद पडलं. मालकाच्या मुलाला तयार पाकिटं विकायची होती, त्याला भुंगा कशाला हवा? मामाने शेवटच्या दिवशीचा शर्ट न धुता पिशवीत बांधून ठेवला. रोज संध्याकाळी जिन्यात जाऊन तो घालायचा आणि बेल वाजवायचा. "आलात?" व्हायचं. घडी करून शर्ट परत पिशवीत.

माझ्या मामेबहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. माहेरी आली, मळका शर्ट दिसला, मायेने भिजत घातला. त्या संध्याकाळी मामीने दार किलकिलं करून मामालाच सांगितलं, "घरात पुरुषमाणूस नाही. नंतर या."

मामेबहीण रडली. मामा स्वयंपाकघरात शिरला. खरी कॉफी आणावी तर मामी कप मागणार, म्हणून दुधाची तहान ताकावर. चिकोरी भाजली, जव भाजले, खजुराच्या बिया कुटून भाजल्या, दरवेळी तो धूर शर्टाला लावून बेल वाजवली. मामी दारातच हुंगायची. "जव करपलेत तुमचे." "हे खजुराचं. आमच्या ह्यांना असला वास येत नाही." सगळं विसरली, तेवढं नाक शाबूत राहिलं. मला त्या नाकाचा संताप यायचा.

शेवटी मामा हरला आणि खऱ्या बिया घेऊन आला. मी तिथेच होतो. कप मागितलाच तर द्यायला जवाचं पाणी उकळून ठेवलेलं. त्याने कढईत बिया परतायला घेतल्या, त्या तडतडल्या आणि घरभर वास झाला. खोलीत मामीने मान वर केली. कित्येक महिन्यांनी तिला हसताना पाहिलं. मामा गॅस बंद करून धावतच तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आलो गं!"

मामीने कप मागितला नाही. केस सारखे केले, पदर नीट केला आणि त्याला हाताने बाजूला सारलं.

"सरका हो जरा. आमचे हे आलेत."

दार उघडून ती जिन्याकडे बघत उभी राहिली. मामा तिच्या मागे, कॉफीच्या धुराने भरलेल्या शर्टात. खाली कुणाची तरी पावलं वाजली, पहिल्या मजल्यावर थांबली. मग तिने वळून त्यालाच विचारलं,

"तुम्ही दुकानातलेच ना? अजून किती वेळ लागेल त्यांना?"

मामाला हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"निघालेत," तो म्हणाला. "एवढं दळून झालं की येतील."

आणि त्याने तिला बसायला दारात खुर्ची आणून दिली.