सावकाश अण्णा

अण्णांना कुठलंही गाणं ऐकवा, त्यांची पहिली तक्रार ठरलेली असायची: हे पळवलंय. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. पहिल्या भेटीतही त्यांनी हेच केलं. राजाजीनगरातल्या माझ्या फ्लॅटवर रविवारी सकाळी आम्ही काही जण जमतो. कुणी पुण्याचे, कुणी मुंबईचे, एक नागपूरकर. सगळे नोकरीपायी बंगळुरात येऊन पडलेले. सत्तरच्या दशकातला एक रॉक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये चकार शब्द काढायचा नाही आणि मग प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. ती मतं मी आमच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहून टाकते. त्या रविवारी बेल वाजली. दारात पांढराशुभ्र शर्ट घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. आवाजाची तक्रार आली असं समजून नागपूरकराने आधीच आवाज कमी केला.

"आवाज राहू दे," ते म्हणाले. "पण एवढं पळवून का लावलंय? स्वल्प सावकाश लावा की."

खालच्या मजल्यावर त्यांची मुलगी राहायची. तिच्याकडे आलेले असताना त्यांनी जिन्यात आमचं मराठी ऐकलं होतं आणि वर चालणारी गिटारही. दोन्ही आपलीच म्हटल्यावर माणूस खाली कसा बसणार? त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन चामराजपेटेत रुजलेलं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायचा छोटा कारखाना होता, तो आता विकून मोकळे झाले होते. पुढच्या रविवारपासून ते नेमाने यायला लागले आणि महिन्याभरात आम्ही त्यांचं नाव सावकाश अण्णा ठेवलं. ते त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "सरी. नाव बरोबर आहे. तुम्हीच सगळे घाईत आहात."

अण्णांना बँडची नावं आठवायची नाहीत. ते अल्बम ओळखायचे कव्हरवरच्या चित्राने: विहीरवाली, निळ्या दारवाली, छत्रीवाली. आणि मत सांगताना ते वादकांबद्दल असं बोलायचे की जणू समोरच्या गल्लीतली मंडळी. आम्ही 'प्रयोगशील', 'काळाच्या पुढचं' असले जड शब्द जुळवत बसायचो, तोवर अण्णा कॉफीचा घोट घेऊन म्हणायचे, "हा ड्रमवाला पोटभर जेवून बसलाय. उठायची इच्छा नाही त्याला. छान वाजवतोय." किंवा, "गिटारवाल्याचं घरी भांडण झालेलं नाही, म्हणून एवढा वेळ खेळतोय." ही मतं आमच्या पानावर सगळ्यांत जास्त वाचली जायची. मला मात्र एक कोडं पडलं होतं. ज्या ड्रमवाल्याला अण्णा सुस्त म्हणायचे, तो मला भूत मागे लागल्यासारखा वाजवताना ऐकू यायचा. आम्ही एकच अल्बम ऐकत होतो का?

"इथलं ऐकून नाही सांगत मी," एकदा ते म्हणाले. "घरी ऐकलेलं आठवून सांगतो. इथं तुमच्या फोनमध्ये सगळे पळतात." रेडिओवाले म्हणे जाहिराती बसवायला गाणी पळवतात, कॅसेटवाले टेप वाचवायला पळवायचे आणि आता फोनवाले डेटा वाचवायला पळवतात. "आमचं रेकॉर्डचं मशीन अस्सल अमेरिकेचं. मामांनी आणलेलं. गाणी तिकडची, मशीन तिकडचं. मग बरोबर कोण?"  माझी उत्सुकता काही मला स्वस्थ बसू देईना. शेवटी एका शनिवारी त्यांच्या चामराजपेटेतल्या घरचं आमंत्रण मी स्वतःच मागून घेतलं.

ते मशीन खिडकीखाली टेबलावर होतं. शेजारी एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर, अण्णांनी स्वतःच्या हाताने गुंडाळलेला. "तिकडं वीज एकशे दहा व्होल्ट, इकडं दोनशे तीस. सरळ लावलं असतं तर जळून गेलं असतं," ते अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी निळ्या दारवाली लावली. मी थक्क झाले. तोच अल्बम, पण आवाज कसा, खोल विहिरीतून आल्यासारखा. ड्रमचे ठोके जड. गिटार रेंगाळणारी. गाणाऱ्या माणसाने आयुष्यात सगळं बघून घेतलं होतं आणि त्याला आता कुठेच जायचं नव्हतं. मी भारावून कव्हर हातात घेतलं. त्यावर प्रत्येक गाण्याची वेळ छापलेली होती. सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तर छापलेली वेळ संपून गेली होती आणि गाणं अजून निवांत चाललं होतं.

मग मला राहवेना. मशीनच्या मागे वाकून बघितलं. तिथल्या पत्र्यावर बारीक अक्षरात एकशे दहा व्होल्टच्या शेजारी साठ लिहिलेलं होतं. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास, आणि असल्या मशीनची मोटार त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. व्होल्टेजचा बंदोबस्त अण्णांनी चोख केला होता. साठाचे पन्नास झाले, हे मात्र निसटलं होतं. म्हणजे तरुणपणापासून अण्णांनी ऐकलेला प्रत्येक अल्बम संथ आणि खालच्या पट्टीतला होता. जन्मभर मोटारी दुरुस्त केलेला हा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सांगावं की सांगू नये, या विचारात मी तशीच वाकून उभी राहिले. एका माणसाचं पन्नास वर्षांचं ऐकणं माझ्या एका वाक्यावर टांगलेलं होतं आणि मला ते वाक्य नको होतं. पण अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"काय दिसलं? सांग की."

मी सांगितलं. ते उठले, चष्मा लावून त्यांनी तो पत्रा वाचला आणि बराच वेळ वाचतच राहिले, जणू तिथे मोठा मजकूर होता. मग रेकॉर्ड कव्हरात घालून म्हणाले, "तू आता जा, अं? उशीर होईल तुला." बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं.

पुढचे काही रविवार अण्णा आले नाहीत. मी फोन केला तर त्यांच्या बायकोने, अक्कांनी उचलला. "काय सांगून गेलीस गं ह्यांना? रोज मशीन उघडून बसतात. जेवायला बोलवलं तर ऐकू येत नाही." मला आपल्या उत्सुकतेचा फार राग आला. माणसाला म्हातारपणी जे काही थोडं उरतं त्यात बोट घालायला मला कुणी सांगितलं होतं? नागपूरकर म्हणाला, सत्य ते सत्य. त्याला मी म्हटलं, तू गप कॉफी पी.

आणि मग एका रविवारी अण्णा आले ते खिशातून एक जुनी पितळी पुली काढतच. मोटारीच्या दांड्यावरची ही चकती आपल्या विजेच्या मानाने छोटी होती म्हणून तबकडी हळू फिरायची. पीण्यातल्या ओळखीच्या लेथवर त्यांनी हिच्याहून पाचव्या हिश्श्याने मोठी दुसरी पुली करून घेतली आणि बसवली. "आयतु. झालं," ते म्हणाले. "आता सगळं पहिल्यापासून ऐकायचं. सगळं. मी दिलेली मतं सगळी रद्द, तुझ्या पानावर लिहून टाक."

त्यांचा उत्साह बघून मला खरं तर हेवाच वाटला. आम्हा चाळिशीच्या लोकांना जुनी गाणी ऐकून आठवणी येतात. अण्णांना पंचाहत्तरीत तीच गाणी कोरी मिळाली होती. आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा फोन यायचा. "विहीरवाली ऐकली. तो ड्रमवाला जेवलेला नाही गं! उपाशी आहे. चार दिवस उपाशी. काय वाजवतोय!" "निळ्या दारवालीत शेवटी रडतात असं मी म्हणालो होतो ना? रडत नाहीत, हसतायत." एकदा मागून अक्कांचा आवाज आला: "आधी सगळे आजारी होते. आता बरे झालेत. सांग तिला."

फक्त छत्रीवालीला ते हात लावत नव्हते. ती त्यांची सगळ्यांत लाडकी. (बँडचं नाव सांगत नाही, तुम्ही वाचन सोडून लावून बसाल.) अण्णा कॉलेजात असताना त्यांचे वडील अचानक गेले आणि कारखाना या पोराच्या गळ्यात पडला. वडील नाहीत, काका नाही, मामा अमेरिकेत, कामगार सगळे वयाने मोठे. विचारायचं कुणाला? संध्याकाळी घरी येऊन ते छत्रीवाली लावायचे. त्या गायकाचा जाड, थकलेला आवाज त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटायचा. गाण्यात फार काही नव्हतं. पाऊस पडतोय तोवर थांबावं, मग निघावं, एवढंच. पण भागीदार सोडून गेला तेव्हा, मुलगी आजारी पडली तेव्हा, कारखाना विकायचा ठरला तेव्हा, अण्णा त्या माणसासमोर बसून आले होते. "त्यांनी सांगितलं, थांब," असं ते मला एकदा अगदी सहज म्हणाले. मामांचं नाव घ्यावं तसं.

"छत्रीवाली कधी ऐकणार?" मी विचारायची.

"ऐकू की. घाई काय आहे?"

पण मला कळत होतं. बाकीच्या अल्बमांत मतं बदलली होती. इथे माणूस बदलायची भीती होती.

पावसाळ्यानंतर अण्णांचं हृदय कुरकुरायला लागलं. इस्पितळातून घरी आले ते निम्मे होऊन. मी भेटायला गेले तेव्हा दुपारची वेळ होती, पेठेतल्या रिक्षांचा कलकलाट खिडकीतून आत येत होता. अण्णा उशीला टेकून बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते म्हणाले, "लाव."

काय, ते विचारायची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, "नक्की, अण्णा? नाही ऐकलं तरी चालेल की."

"मला माहीत करून घ्यायचंय गं. कोण होते ते."

मी सुई ठेवली. आधी गिटार आली, मग तो आवाज. पातळ, कोवळा, वरच्या सुराला जराशी धाप लागलेला. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. मग मला हसण्यासारखा आवाज आला आणि मी वळून बघितलं. अण्णा खरोखर हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"अगं, हा तर पोरगा आहे! किती असेल ह्याचं वय?"

"बावीस-तेवीस. बँडमध्ये सगळ्यांत लहान होता तो."

"मी पण तेवढाच होतो." त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे ह्यालाही काही माहीत नव्हतं."

"नसणार, अण्णा."

"आणि मी ह्याला कारखान्याचं विचारत बसलो!" पुन्हा हसू आलं, त्यात खोकला आला, अक्का पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पण बरोबर सांगितलं बघ पोराने. माहीत नसून बरोबर सांगितलं. आधी कळलं असतं तर मैत्री केली असती. मी उगाच इतकी वर्षं मान राखून लांब बसलो."

दिवाळीच्या आत अण्णा गेले. मला त्यांची इतकी सवय झाली होती हे मला माहीत नव्हतं. पुढचे कितीतरी रविवार अल्बम संपला की आम्ही सगळे कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचो. तो नागपूरकरसुद्धा.

छत्रीवालीबद्दल आमच्या पानावर लिहायचं म्हणून मी त्या गायकाचा शोध घेतला. तो हयात आहे, अण्णांच्याच वयाचा. एखाद्या छोट्या सभागृहात अजून गातो. अलीकडचं एक ध्वनिमुद्रण सापडलं, त्यात तेच पावसाचं गाणं होतं. ते घेऊन मी चामराजपेटेला गेले. अण्णांच्या मशीनवर लावणं शक्य नव्हतं, म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि चालू केला. आता त्या गायकाला वरचे सूर झेपत नाहीत. पट्टी खाली आणली आहे, लय संथ केली आहे, आवाज जाड आणि थकलेला. सगळं बघून झालेल्या, कुठेच जायचं नसलेल्या माणसाचा.

अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "काय गं, ती जुनी पुली परत बसवलीस काय?"

"नाही, अक्का. हा फोन आहे. आता तो खरोखरच म्हातारा झालाय."

अक्कांनी खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसल्या. "मग मधेच बंद करू नको," त्या म्हणाल्या. "पूर्ण होऊ दे."