मंगळवारचा किल्ट

आमच्या फॉरफर गावात कुणी किल्ट, म्हणजे पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा निऱ्यांचा घागरा, नेसून रस्त्यावर दिसला की लोक एकच विचारतात, "कोणाचं लग्न?" लग्न नसेल तर मयत, मयत नसेल तर रग्बीचा सामना. यातलं काहीच नसताना, साध्या मंगळवारी किल्ट नेसून कामाला जाणारा आमच्या गावात एकच इसम, वॉटी मॉलिसन न्हावी. गावानं त्याला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

वॉटी काही वेडा नव्हता. त्याचे वडील गेले तेव्हा मयतीच्या दिवशी त्यांचा किल्ट कपाटातून काढला, तर पुढच्या पल्ल्याला कसरीनं चांगलं नाण्याएवढं भोक पाडलेलं. म्हाताऱ्यानं तो चार-दोन लग्नांत नेसला असेल, बाकी जन्मभर नुसता जपला. वॉटीला ते फार लागलं. "कसर वापरलेल्या कपड्याला लागत नाही, जपलेल्याला लागते," असं बायकोला म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा किल्ट नेसून दुकानात गेला. बायको नेटा म्हणाली, "जा बाबा, गुडघे तुझे, थंडी तुझी." तिला वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे. खूळ कसलं? त्या माणसानं पुन्हा पँटला हात लावला नाही. वडिलांचा किल्ट मात्र रफू करून घेतला आणि मुलासाठी कपाटात ठेवला. म्हणजे बघा, दुसऱ्यांना शहाणपण शिकवून स्वतः पुन्हा जपायलाच लागला.

त्याच्या शेजारच्या दुकानात डॉड लिंडसे खाटीक. डॉडच्या डोक्यावर केस नावालाच, तरी हा गडी दर आठवड्याला खुर्चीत हजर. कापायला नाही, टोचायला.

"वॉटी, वारा सुटलाय रे. गावातल्या बायकांवर जरा दया कर."

"बायकांची तक्रार नाही. खिडकीत तूच उभा असतोस."

"अरे पण हे काय रोज नेसायचं आहे? जगानं सोडलं आणि तू धरून बसलास."

"होईल पुन्हा रोजचं. कोणीतरी सुरुवात करायला नको?"

"तू सुरुवात करून केस पांढरे झाले तुझे. दुसरा कुठाय? दुसरा दाखव मला."

इथे वॉटी कात्री पुसायला घ्यायचा. दुसरा म्हणून त्याच्या डोळ्यांपुढे एकच जण होता, त्याचा मुलगा फिनले. आणि फिनलेनं शाळा सुटल्यापासून, नव्हे शाळेत असल्यापासूनच, किल्टला शिवायचं नाही असं ठरवलं होतं. पोरं त्याला विचारायची, "तुझा बाप आज पुन्हा बोहल्यावर चढतोय का रे?" मग फिनले बापाला पाहून रस्ता ओलांडायचा. वॉटीला ते दिसायचं. दिसूनही तो किल्टच नेसायचा, इतका हट्टी.

पुढे फिनले जवळच्या डंडी शहरात विजेच्या कामाला लागला आणि त्याचं लग्न ठरलं. आता आमच्याकडे नवरदेव म्हणजे किल्ट हे ठरलेलंच. जन्मात कधी न नेसलेला माणूसही त्या दिवशी भाड्यानं आणून नेसतो. वॉटीला वाटलं, आली वेळ. त्यानं वडिलांचा किल्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. "बक्कल जरा सरकवलं की तुला बसेल," तो म्हणाला.

फिनलेनं रफूवरून बोट फिरवलं. "लग्नात नाही नेसणार, बाबा. मी सूट घालणार आहे. का ते आत्ता विचारू नको."

"बरं," वॉटी म्हणाला आणि किल्ट घडी करून ठेवून आला.

नेटा म्हणाली, "इतक्या सहज 'बरं' म्हणालास, मग चहात मीठ का घालतोयस?"

लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये सगळीकडे भाड्याच्या चौकड्याच चौकड्या. डॉडही आला, पण निऱ्या पुढे आणि सपाट पल्ला मागे. वॉटीनं त्याला दंडाला धरून खांबाआड नेलं, बक्कलं सोडली आणि किल्ट गर्रकन फिरवून नीट बांधला.

"बसायला सपाट बाजू बरी, असं मला वाटलं," डॉड पुटपुटला.

"तुझं डोकंसुद्धा सपाटच आहे," वॉटी म्हणाला.

मग नवरदेव आला, करड्या सुटात. डॉड, उपकार विसरून, कानाशी लागला. "अख्ख्या चर्चमध्ये पँट एकच, आणि तीही तुझ्या घरची." वॉटी हसला. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा मनातून हरला, हे मी तुम्हाला सांगतो. एवढी वर्षं गावाशी भांडलो आणि घरातलाच माणूस हातचा गेला, असं त्याला झालं. संध्याकाळी नाचलासुद्धा नाही.

लग्नाला महिना झाला असेल. मंगळवार होता, पाऊस भुरभुरत होता. डॉड खुर्चीत बसून बडबडत होता. दाराची घंटी वाजली आणि फिनले आत आला. पायांत कामाचे बूट, अंगात जुना स्वेटर आणि कमरेला आजोबांचा किल्ट. रफू उजेडात स्पष्ट दिसत होतं. बक्कल त्याच्या आईनं सरकवून दिलं असणार, तिनं चकार शब्द काढला नव्हता.

डॉडच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोणाचं लग्न?"

"कोणाचं नाही," फिनले म्हणाला. "केस कापायला आलोय. मग ब्रायडी घ्यायच्यात, खिम्याच्या करंज्या बायकोला फॉरफरच्याच लागतात." मग बापाकडे वळून जरा हळू म्हणाला, "लग्नात सगळेच नेसतात, बाबा. तिथे नेसलो असतो तर तुला वाटलं असतं, एका दिवसापुरता आहे."

वॉटीनं डॉडच्या गळ्यातली चादर सोडली. म्हणाला, "डॉड, ऊठ."

"अरे, माझं अर्धंच झालंय."

"तुला आहेत किती? ऊठ."

फिनले बसायला वळला आणि बसता बसता मागच्या निऱ्या हातानं सारख्या केल्या, अगदी वॉटी करतो तशा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वॉटीनं ते पाहिलं, खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं, आणि मग खुर्ची रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीकडे वळवली.

"अरे, आरसा इकडे आहे," डॉड म्हणाला.

"माहितीय," वॉटी म्हणाला, आणि फिनलेच्या अंगावरची चादर गुडघ्यांच्या वर सरकवून त्यानं कात्री हातात घेतली.