सात एकांचं कुलूप

माझा मामा कुलपांच्या कारखान्यात आकडे ठोकायचा. कुलूप समोर आलं की पोलादी ठसा उचलायचा, हातोडीचा एक घाव घालायचा, ठसा बदलायचा, पुन्हा घाव. अशा रीतीने प्रत्येक कुलपावर त्याचा क्रमांक उमटायचा. ठोकता ठोकता मामा मनातल्या मनात त्या क्रमांकाला भाग देत बसे. तीनने जातो का, सातने जातो का. कशानेच गेला नाही की स्वारी खूश. "मूळ संख्या! हे कुलूप चोराच्या बापालाही तुटायचं नाही," असं जेवताना आम्हाला ऐकवायचा. चोर भागाकार करून कुलपं फोडतात हा शोध त्याला कुठे लागला, देव जाणे.

कारखान्याची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याने ठोकलेलं शेवटचं कुलूप त्यालाच भेट मिळायचं. क्रमांक अकरा लाखांच्या पुढे सरकले तसा मामाने साहेबांच्या मागे लकडा लावला आणि आपला शेवट पक्का करून घेतला: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ओळीने सात एक.

"शंभरपर्यंतच्या सगळ्या आकड्यांनी भाग देऊन पाहिलाय, हूं की चूं करत नाही," तो मला म्हणाला. "हे आपल्या दाराला लावणार. मग कळेल तुझ्या मामीला, मी जन्मभर नुसती ठोकाठोक नाही केली."

त्या दिवशी सगळा कारखाना भोवती जमला. एरवी ठसा बदलताना मामाचा हात थांबायचा, तेवढ्यात मोजणी व्हायची. आज ठसा एकच, बदलायचं कामच नाही. त्यात बघणारे टाळ्या वाजवत होते. मामा रंगात आला आणि त्याने आठ एक ठोकले. शेवटचा तर कुलपाच्या कडेवर तिरका चढला.

"अहो, हे एक कोटीच्या वर गेलं!" साहेब म्हणाले.

सात एकांचं कुलूप मग दुसऱ्या कामगाराने ठोकलं आणि ते मालात गेलं. बिघडलेलं कुलूप मामाला मिळालं.

घरी आल्यावर त्याने ताटाला हात लावला नाही. "जन्मभराचं काम, आणि शेवटी अकराने भाग जातो," एवढंच तो म्हणत राहिला. मला त्याची फार दया आली आणि तितकाच रागही आला. एवढं काय आहे त्या सात एकांत, म्हणून मी भागाकार करत बसले. शंभराच्या पुढे गेले, दोनशेच्या पुढे गेले, आणि दोनशे एकोणचाळीसने भाग बिनबोभाट गेला.

मी घाबरून स्वयंपाकघरात मामीला सांगितलं. तिने भाजी ढवळणं थांबवलं. "सांगून टाक. नाहीतर महिनाभर तोंड पाडून बसतील."

मी सांगितलं. मामाचा विश्वास बसेना. वर्तमानपत्राच्या कडेला त्याने स्वतः भाग देऊन पाहिला. चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. त्या शून्याभोवती त्याने एक गोल काढला.

मामीने आठ एकांचं कुलूप उचललं, दाराच्या कडीला अडकवलं आणि किल्ली फिरवून पाहिली. कुलूप छान लागत होतं.

"अहो, कशानेच भाग न जाणाऱ्या माणसाबरोबर मी जन्म काढला," ती म्हणाली. "दाराला तरी भाग जाणारं असू द्या."

मामाने पाट ओढला, ताट पुढे घेतलं.

"त्र्याहत्तरनेही जातो," तो हळूच म्हणाला.