'घरी' म्हणायचं राहिलं

मंडळी, सकाळपासून घास उतरला नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. मी चांद्याजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे.

आज पार्वताबाई नवऱ्यासाठी डबा घेऊन आल्या. "भाऊ, आमचे मालक कुठी हायेत?" तापातून बरे होऊन ते पहाटेच्याच मोटारीने गावी परतले होते. बाटल्या धुता धुता मी म्हणालो, "ते गेले, बाई."

मी वळेपर्यंत त्यांनी खांबावर हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या.

"अहो, बरे होऊन घरी गेले ते."

त्या खूप वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "मंग घरी गेले म्हनाचं होतं ना, भाऊ."

जिवंत नवऱ्याकडे त्या मोकळ्या मनगटांनी निघाल्या. सांगा मंडळी, तो एक शब्द उच्चारायला मला कितीसा वेळ लागला असता?