उपरण्याखालचा सौदा

भिवाआबा बोटं धरल्याशिवाय कुठलीही गोष्ट कबूल करत नसत. सारं आयुष्य कन्नडच्या बाजारात मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीत गेलेलं. तिथे भाव तोंडाने नाही, उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून ठरतो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात मुलगा ज्ञानोबा त्यांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आला, तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं, नाकात जेवणाची नळी होती आणि मांडीवर मात्र पिवळंधमक उपरणं होतं.

पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा गिळायला शिकवणं हे माझं काम. मी ते समजावून सांगत होते आणि आबा डाव्या हाताने स्वतःची मांडी चाचपत होते, बाजारात मेंढी चाचपावी तशी.

"ह्या जित्राबाला गिऱ्हाईक नाय, ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "समदं मांस गेलं."

"आबा, गळ्याचंही गेलंय. या वयात पडून राहिलं, नीट खाल्लं नाही, की झिजतं. ते परत कमवायचंय."

"गळ्याला बी मांस असतंय व्हय?" त्यांना नवलच वाटलं. मग त्यांनी आमच्या हातांवर उपरणं टाकलं आणि उजवा हात हलत नव्हता म्हणून डाव्या हाताने माझी चार बोटं धरली. मला काही कळेना. ज्ञानोबा हसत म्हणाला, "एक बोट म्हंजी एक चतकोर. अख्खी भाकर मागायलेत."

मी चारही बोटं सोडवून घेतली. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू आंधळी मेंढी विकायला आणली होती.

मग कामाला लागलो. जीभ टाळूला दाबायची, जोर लावून गिळायचं, धरून उठायचं, धरून बसायचं. नळीतून डाळ-अंडी सुरू होतीच; हळूहळू घट्ट दही चमच्याने द्यायला लागले, हनुवटी छातीशी टेकवून. "ह्याच्यापरीस मेंढरं वळनं सोपं," आबा कुरकुरायचे, पण एक दिवस चुकवला नाही.

सगळं रुळावर येत असताना वेरूळहून त्यांची बहीण भेटायला आली. पातळ ते सोपं, असं सगळ्यांनाच वाटतं. तिने मायेने कपभर चहा पाजला. तो श्वासनलिकेत गेला, छातीत संसर्ग झाला, ताप भरला आणि आबा पुन्हा इस्पितळात. डॉक्टर आता पोटातूनच कायमची नळी घालायचं म्हणू लागले. मी घरातल्या सगळ्यांना फैलावर घेतलं. बहीण बिचारी कोपऱ्यात बसून रडत होती.

"तिला बोलू नका, ताई," आबा म्हणाले. आवाज जेमतेम फुटत होता. "बहिणीच्या हातचा चहा नाय म्हनायची आमच्यात रीत नाय. पर आता मी म्हनीन."

आणि खरंच म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येक जण कप पुढे करायचा आणि आबा उपरण्याने तोंड झाकून घ्यायचे. पाव्हणे रुसले, आबा बधले नाहीत. मांस गेलेल्या त्या अंगात एवढा हट्ट कुठे शिल्लक होता, मला आजही कळत नाही. पुढची तपासणी नीट आली. नाकातली नळी निघाली, पोटातली टळली.

पहिला चतकोर घट्ट वरणात कुस्करून दिला. आबांनी हनुवटी खाली घेतली, गिळलं. ठसका नाही. "ज्वारी हाय," एवढंच स्वच्छ आवाजात म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही आलं, मी लपवलं नाही.

काही महिन्यांनी आबा काठी टेकत, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आले. आधी पोटरी पुढे केली. "लावा हात. आता गिऱ्हाईक येतंय का नाय?" मी चाचपून बघितली. चांगली भरली होती.

मग काठी भिंतीला लावून ते माझ्यासमोर बसले आणि आमच्या हातांवर उपरणं पसरलं. खालून एक हात आला, थरथरत, चाचपडत. त्याने माझं एक बोट धरलं, मग दुसरं, तिसरं, चौथं, आणि दाबलं. तेव्हा लक्षात आलं, आबांचा डावा हात तर बाहेर, मांडीवरच होता.

या वेळी मी एकही बोट सोडवून घेतलं नाही.