जांभळ्या डागाचा मास्क

फाटकाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडावर मास्क होता. रेक्टर समाधानाने पाहत होते. मीही समाधानीच होते. मग शिंदे नावाचा मुलगा बाहेर पडला. त्याच्या मास्कवर डाव्या बाजूला जांभळा डाग होता. मास्क वाटताना घशाला लावायचं औषध माझ्याच हातून त्या एका मास्कवर सांडलं होतं. थोड्या वेळाने मुलुंडला राहणारा एक मुलगा निघाला. त्याच्याही मास्कवर, त्याच जागी, तोच डाग.

मी त्याच्या मागोमाग गेले. कुंपणाच्या कोपऱ्यावर तो मास्क सोडून आत भिरकावत होता.

"हे काय रे?"

"पुढच्याला लागेल ना, बाई. मास्कशिवाय वॉचमन सोडत नाही."

आशियाई फ्लूच्या साथीचं वर्ष, सत्तावन साल. अंधेरीच्या या हॉस्टेलात मी नवीन डॉक्टर होते. मुलांच्या प्रॅक्टिकल परीक्षा लांबल्या होत्या आणि आता सगळे घरी निघाले होते. मी गॉजचे मास्क शिवून, उकळून प्रत्येकाला एकेक दिला होता. गॉज म्हणजे जखमेवर बांधतात ते विरळ कापड. चार पदर केले की खोकल्याचे शिंतोडे बरेचसे अडतात. अडतात म्हणजे मास्कच्या आत साठतात. म्हणून एकाचा मास्क दुसऱ्याने लावायचा नसतो. हे मुलांना समजावून सांगा, असं मी रेक्टरांना म्हटलं होतं.

"कारणं सांगितली की मुलं वाद घालतात," ते म्हणाले होते. "नियम सांगितला की पुरे." नियम होता, मास्कशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. वॉचमन तो चोख पाळत होता.

"बाकीचे मास्क कुठायत?" मी विचारलं.

मुलुंडकराने मेसकडे पाहिलं. मेसच्या मागच्या पडवीत दोरीवर गॉजची फडकी वाळत होती. त्यांच्यावर माश्या होत्या. आदल्या दिवशी निरोपाची फीस्ट झाली होती. फीस्ट सेक्रेटरी रानडे पुढे आला.

"चक्का बांधायला कापड नव्हतं, बाई."

"म्हणून मास्कमध्ये दही बांधलंत?"

"शिवण उसवून. यापेक्षा स्वच्छ कापड अख्ख्या हॉस्टेलात नव्हतं. तुम्हीच उकळून दिलंत ना?"

श्रीखंड मीही खाल्लं होतं.

एकच मास्क चक्क्यातून वाचला होता. तो वामन परबचा. परब मालवणकडचा. बहिणीच्या लग्नाला निघाला होता. लग्नघरात ताप जाऊ नये म्हणून त्याने मास्क ट्रंकेत जपून ठेवला होता. सकाळी मित्र अडकले, तेव्हा त्याने तो काढून दिला. स्वतः शेवटी लावला. मी फाटकाशी परत आले तेव्हा तो ट्रंक घेऊन उभाच होता, मास्क लावून.

"आतून ओला आहे जरा," तो म्हणाला.

तेवढ्यात टांगा आला. टांग्यात शिंदे. स्टेशनवरच त्याला हुडहुडी भरली होती. कपाळाला हात लावला, चटका बसला.

शिंदेनंतर तो मास्क दोघांनीच लावला होता. मुलुंडकराला मी घरी वेगळ्या खोलीत राहायला सांगितलं. परबचं सोपं नव्हतं. पावसाळ्याआधीची शेवटची बोट त्याच दिवशी सुटत होती. दोन-तीन दिवस थांबून मग एस.टी.ने मुहूर्त गाठता येणार नव्हता. आणि नवऱ्याचा कान पिळायला ताईला हा एकच भाऊ.

"त्याला कुठे ताप आहे?" रेक्टर म्हणाले. "जाऊ द्या. त्याने नियम पाळलाय."

"नियम पाळला म्हणूनच अडकलाय. ताप दोन-तीन दिवसांनी येतो. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि लग्नात सगळ्यांच्या पाया पडतो."

"मग थांबवा त्याला. हुकूम काढतो मी."

"हुकूम नको. कारण सांगते."

मी परबला सगळं सांगितलं. ताप येईलच असं नाही, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "घरात आजी आहे. दम्याची. तिला झाला तर?"

"जड जाईल."

तो ट्रंकेवर बसला. मग म्हणाला, "तार कशी करायची?" आणि ट्रंक उचलून सिकरूमकडे चालू लागला.

लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायच्या सुमारास, त्याला ताप भरला. थर्मामीटर पाहून तो हसला. "आलाच की, बाई. नसता आला तर फार राग आला असता तुमचा."

पावसाळ्यात एक नवं जोडपं माझ्या दवाखान्यात आलं. मागे परब. नवरदेव रुग्णाच्या स्टुलावर बसला आणि त्याने मान वाकडी केली.

"कान घेवन इलंय. पिळ."

परबने इतका जोरात पिळला की ताई ओरडली, "अरे, माका हवो तो!" लाल कानाला मी टिंक्चर लावलं. गरज नव्हती.

पुढच्या टर्मच्या पत्रकात मी दोन वाक्यं कारणांसकट घातली. मास्क ज्याचा त्यानेच वापरावा. त्यात दही बांधू नये. रेक्टरांनी कारणं खोडली आणि दुसरं वाक्यही खोडलं. असलं काही लिहायची वेळ आपल्या हॉस्टेलवर येणार नाही, म्हणाले.

पुढच्या फीस्टलाही श्रीखंडच होतं. मी खाल्लं नाही.